काठावरचा तंबू : जागा कुणाची, जबाबदारी कुणाची?

एका रब्बीत ज्वारीच्या पाहणीसाठी उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका गावात गेलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. काठावर वीस-पंचवीस माणसे जमलेली. मध्ये एक पांढरी गाडी, चाके अर्ध्यापर्यंत गाळात रुतलेली. शेजारी दोन रंगीत तंबू, विझलेली चूल, चार-सहा बाटल्या आणि मान खाली घालून उभी असलेली चार तरुण पोरे. पोरे पुण्याकडून गळ टाकायला आलेली. अंधार पडल्यावर मोकळी जागा दिसली, तंबू ठोकले. पहाटे गाडी वळवायला गेले तर फसली. ती काढायच्या खटपटीत गाळपेरीवर टोकलेल्या मक्याच्या सात-आठ ओळी चाकाखाली गेल्या.

पोरांचे एकच म्हणणे, "काका, मोकळीच तर जागा होती. कुंपण नाही, पाटी नाही." शेतकरी म्हणे, "आरं बाबा, मका दिसंना का तुला?" शेवटी पोलीस पाटलांनी मध्ये पडून तोड काढली. ट्रॅक्टर लावून गाडी ओढली, नुकसानीचे पैसे दिले-घेतले, विषय मिटला. पण तो त्या दिवसापुरताच मिटला. पुढच्या शनिवारी दुसरी गाडी येणार, हे जमलेल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

हौसेने गळ टाकायला येणारी ही मंडळी आता नवी राहिली नाहीत. रस्ते झाले, तंबू स्वस्त झाले, मोबाईलवर नकाशा उघडला की कोणती पाऊलवाट पाण्यापर्यंत जाते ते घरबसल्या दिसते. लॉजचे पैसे वाचवून पाण्याकाठी फुकट रात्र काढायची आणि पहाटेचा मासा धरायचा, एवढाच त्यांचा हिशोब असतो. यात गैर काही नाही. आपल्यातलेही अनेकजण लहानपणी नदीच्या डोहावर गळ टाकून बसलेले आहेत. आपल्याच गावची पोरेही शेजारच्या तालुक्यात अशीच जातात. म्हणून हा विषय "शहरवाले विरुद्ध गाववाले" असा न घेता जरा शांतपणे तपासून पाहू.

मोकळी म्हणजे बिनमालकाची नव्हे

पहिला गैरसमज इथेच आहे. नदीकाठी, तळ्याकाठी बिनमालकाची अशी एक गुंठाही जागा नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, तलाव यांची पात्रे आणि कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या जमिनी या राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. म्हणजे "कुणाचीच नाही" असे जिला आपण म्हणतो, ती सरकारची असते. काठावर गेले की साधारण पाच प्रकारची जमीन भेटते, आणि प्रत्येकीचा धनी निराळा.

एक, नदीचे पात्र आणि वाळवंट. हे शासनाचे. इथे विचारणा करायची ती महसूल खात्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे. (तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे.)

दोन, धरणाच्या फुगवट्याची जमीन. ही संपादित झालेली, जलसंपदा खात्याच्या ताब्यातली. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्याखाली ज्यांची घरेदारे, मळे गेले त्यांच्यापैकी कित्येकजण अजून काठावर राहतात. पाणी ओसरले की ही जमीन काळीभोर, सपाट आणि ओसाड दिसते. शहरातल्या माणसाला वाटते, मैदान आहे. पण तीच आपली गाळपेर जमीन. कुणीतरी ती रीतसर घेतलेली असते, तिच्यावर मका, कडवळ, हरभरा पेरलेला असतो. २०१८-१९ च्या दुष्काळात याच गाळपेर जमिनीवर चारा पिकवण्याची योजना शासनाने राबवली होती, हे आपल्याला आठवत असेलच. उगवण झाली नसेल तेव्हा पेरलेले रान आणि पडीक रान यातला फरक रात्री दहा वाजता बॅटरीच्या उजेडात कुणालाच कळत नाही.

तीन, गायरान. चार, वनखात्याची जमीन. तिथे रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागतेच, आणि अभयारण्य असेल तर नियम आणखी कडक. गोदावरीवरचे नांदूर मध्यमेश्वर हे त्याचे उदाहरण. पाणी दिसले म्हणून तिथे गळ टाकता येत नाही आणि तंबूही ठोकता येत नाही.

पाच, खासगी मळी. नदीकाठचा बराच भाग सातबाऱ्यावर शेतकऱ्याच्या नावाने असतो. आणि खरे सांगायचे तर फुकट मुक्कामासाठी सर्वात सोपी, सर्वात सुरक्षित जागा हीच आहे. दिवसाउजेडी जाऊन मालकाला "दादा, आज रात्री तुमच्या बांधावर थांबू का?" एवढे विचारले, तर आपला शेतकरी नाही म्हणत नाही. उलट विहिरीचे पाणी देतो, भाकरी देतो, "इकडं नको, तिकडं झोपा, इथं साप हिंडत्यात" असे सांगतो. विचारणारा पाहुणा ठरतो. न विचारणाऱ्याला शेतकरी घुसखोर समजतो, आणि त्यात त्याचे काय चुकले?

गायरानाबद्दल गावकारभाऱ्यांना एक सूचना. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आहेत. एका रात्रीचा तंबू हे काही अतिक्रमण नव्हे. पण आज तंबू, उद्या ताडपत्रीचा मांडव, परवा पत्र्याची टपरी आणि वर्षभराने "कॅम्पिंग"ची पाटी, असा प्रवास व्हायला वेळ लागत नाही. आणि ती टपरी बहुधा पाहुण्याची नसते, आपल्याच गावातल्या एखाद्याची असते. म्हणून सुरुवातीलाच डोळा ठेवा.

मासा कुणाचा?

जागेचा प्रश्न सुटला तरी माशाचा उरतो. जलाशयातली मासेमारी मोकळी नसते. ती ठेक्याने किंवा परवान्याने दिलेली असते, आणि पुष्कळ ठिकाणी ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचे सभासद म्हणजे आपलेच भोई, कोळी बांधव. ते बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडतात, वर्षभर राखण करतात, आणि त्या कटला-रोहूवर त्यांची चूल पेटते. शनिवारी येऊन दोन किलो मासा धरणाऱ्या एका हौशी माणसाने त्यांचे काही बुडत नाही, हे खरे. पण त्याच हौशी माणसाच्या मागे बारीक आसाचे जाळे घेऊन कुणी शिरला, तर बोटभर पिल्ले टोपल्यांनी निघतात आणि वर्षाचे भांडवल एका रात्रीत जाते. बाहेरून आलेला प्रत्येकजण संस्थेला चोर वाटतो, त्याचे कारण हे आहे.

म्हणून नियम साधा ठेवावा. जलाशयावर आधी संस्थेला विचारायचे. फक्त गळ, जाळे नाही. लहान मासा लागला तर गळ अलगद सोडवून परत पाण्यात सोडायचा. चिलापी मात्र धरावी तेवढी धरा. परदेशातून आलेला हा मासा वर्षभर वीण घालतो, पिल्ले तोंडात सांभाळतो आणि कटला-रोहूच्या खाण्यात वाटेकरी होतो. कटला, रोहू, मृगळ यांचे तसे नाही. ते वर्षातून एकदा, पावसाळ्यात नवे पाणी आले की अंडी घालतात. त्याच सुमारास मासा प्रवाहाच्या उलट चढतो, त्याला आपण चढणीचा मासा म्हणतो. पोटात गाभोळी असलेला एक मासा मारला म्हणजे पुढच्या सालचे हजारो मासे मारले, हे आपल्या घरच्या पोरांनाही सांगायला पाहिजे.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनचा गुन्हा आहे. तरी पण कुठे ना कुठे हे प्रकार कानावर येतात. तेच पाणी खाली आपली जनावरे पितात.

आपल्या जुन्या माणसांनी याबाबत जे केले तेही लक्षात घ्या. महाड तालुक्यात वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे आहे. दोन्ही ठिकाणी देवाच्या नावाने राखलेले डोह आहेत. त्या डोहातल्या मोठ्या माशांना कुणी हात लावत नाही, उलट येणारे-जाणारे त्यांना खाऊ घालतात. खाते नाही, पहारा नाही, पण मासा टिकला. कारण गावाने एकमताने ठरवले आणि पाळले. तुमच्या गावाजवळ असा एखादा राखीव डोह असेल तर पाहुण्याला तो पहिल्यांदा दाखवा आणि सांगा, इथे गळ नाही.

रात्री येणारे पाणी

आता सर्वात महत्त्वाचे. गाळात गाडी रुतली तर ट्रॅक्टर आहे. पाण्यात माणूस गेला तर त्याला काही उपाय नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला, म्हणजे उजनी ते पंढरपूर आणि पुढे, भीमेच्या पात्रात जे पाणी असते ते आपल्या डोक्यावरच्या पावसावर चालत नाही. ते चालते मावळातल्या पावसावर आणि धरणाच्या दरवाजांवर. इकडे स्वच्छ चांदणे पडलेले असते आणि तिकडे घाटमाथ्यावर ढग फुटलेला असतो. शिवाय उजनीचे दरवाजे बंद आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. वीर धरणाचे पाणी नीरेतून येते आणि नरसिंगपूरच्या संगमावर, म्हणजे उजनीच्या खाली, भीमेला मिळते. एक दरवाजा बंद असला तरी दुसरीकडून पाणी येऊ शकते.

विसर्गाची बातमी आपण रोज वाचतो, "अमुक हजार क्युसेक". पण त्याचा अर्थ डोळ्यापुढे येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाच हजार क्युसेक सोडले तर सेकंदाला सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चौदा टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होताहेत असे समजा. आणि पाच हजार हा पुराचा आकडा नव्हे, पूर याच्या कितीतरी पुढे असतो. वाळवंटात झोपलेल्या माणसाला हे पाणी आवाजाने उठवत नाही. पलीकडच्या फाट्याने येते, मागची वाट बुडवते आणि मग माणूस बेटावर अडकतो.

पाऊस संपला म्हणून धोका संपला असेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने भीमेला मोठा पूर आला, तेव्हा पावसाळा आटोपला असे समजून लोक पिके काढण्याच्या तयारीत होते. उन्हाळ्यात पिण्यासाठी आणि शेतीसाठी नदीत पाणी सोडतात. सोलापूरसाठी औज-चिंचपूर बंधाऱ्यापर्यंत जाणारे पाणी याच पात्रातून वाहते. कोरडे वाळवंट पाहून झोपलेल्याला ही पाळी माहीत नसते. गावाला माहीत असते, कारण पाणी सुटणार म्हणून आपण मोटारी वर ओढून ठेवतो. मग मोटार वाचवणाऱ्या गावाने माणसाला का सांगू नये?

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खाली तर अजिबात थांबू नये. बरगे काढले की पाणी एकदम उसळते, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी भोवरा असतो. मासा तिथे जास्त लागतो म्हणूनच माणूस तिथे जातो.

वाळूउपशाने भीमेचे पात्र अनेक ठिकाणी खड्ड्यांनी भरले आहे. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जातो. आणि रात्रीच्या वेळी पात्रातल्या वाटेने जी वाहने धावतात ती कुणासाठी थांबत नाहीत. त्या वाटेवर तंबू ठोकणे म्हणजे हमरस्त्यावर अंथरूण टाकण्यासारखे आहे.

जलाशयावर धोका निराळा, तो वाऱ्याचा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहाजणांचे जीव गेले. ते रोजच्या वाटेवरचे प्रवासी होते. त्यांची ही गत झाली, तर पाण्याची ओळख नसलेल्या माणसाचे काय होईल? एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ काळवंडले की बोटीत पाऊल नाही, एवढे बंधन गावानेच घालावे.

जमिनीवर झोपणारा

दुसरा धोका जिवाणूचा. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे आपल्याकडचे चार विषारी साप. त्यातला मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दंश बारीक असतो, दुखत नाही, सूज येत नाही. माणसाला वाटते मुंगी चावली. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास लागतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून तंबू घ्यायचा तर तळ शिवलेला आणि चेनने पूर्ण बंद होणारा. नुसती ताडपत्री नको. दंश झालाच तर मंत्र, चिरा, दोरी यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा. हीच गोष्ट राखणीला रानात झोपणाऱ्या आपल्या शेतकऱ्यालाही लागू आहे.

उसाचे क्षेत्र वाढले तसा बिबट्या नदीकाठाने सरकत आपल्याकडे आला. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसे मारली, तेव्हाची दहशत आपण विसरलेलो नाही. म्हणून उसाच्या फडाला लागून तंबू नको, माशाची आतडी-खवले तंबूशेजारी टाकायची नाहीत, पुरून टाकायची. बिबट्या दिसल्यास वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. सांगली भागात कृष्णाकाठी भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथे तर काठावर झोपणेच नको.

उसाला लागून चूल पेटवणे हा आणखी एक प्रकार. वाळलेल्या पाचटावर एक ठिणगी पडली की एकराचे एकर जाते. चूल पेटवायची तर काठाच्या ओल्या वाळूत, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवायची.

आणि तंगूस. गळाचा तुटलेला नायलॉन दोरा काठावर टाकून लोक निघून जातात. हिवाळ्यात उजनीवर रोहित पक्षी येतात, पट्टकादंब येतात. त्यांच्या पायात तो अडकतो. बाभळीवर बसणाऱ्या बगळ्याच्या पायात अडकतो, आपल्या शेरडाच्या खुरातही अडकतो. काचेने बैलाचा पाय कापला तर ऐन पेरणीत जू अडते. गळाला कासव लागले तर तंगूस कापून सोडून द्यायचे. कासव आणि पाणमांजर या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

फुकट मुक्कामाचा धडा आपल्याच जिल्ह्यात

नदीकाठी लाखो माणसांनी फुकट रात्र काढायची, हे सोलापूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेकाठी दुसरे काय होते? पूर्वी सगळा भार वाळवंटावर पडायचा. आता नदीपलीकडे ६५ एकरांवर दिंड्यांना राहुट्यांसाठी प्लॉट आखून देतात, पाणी, दिवे, शौचालये, दवाखाना यांची सोय करतात. वारकऱ्याकडून जागेचे पैसे घेत नाहीत, पण "कुठेही ठोका तंबू" असेही म्हणत नाहीत.

यातला मुद्दा ओळखा. तिथला मुक्काम फुकट आहे, पण सोयीशिवाय नाही. जागा आखलेली, वाट ठरलेली आणि कुणीतरी जबाबदार. आपल्या काठावर येणारे चार-दोन तंबू वारीच्या मानाने काहीच नाहीत. त्यांच्यासाठी लाखोंचा निधी लागत नाही. लागतो तो एक ठराव, एक पाटी आणि थोडे लक्ष.

ग्रामसभेत काय ठरवावे?

माझ्या अनुभवावरून काही सूचना करतो. प्रत्येक गावाने आपल्या परिस्थितीप्रमाणे त्यात फेरफार करावा.

पहिली, जागा ठरवा. पूररेषेच्या वर, गावाच्या हाकेच्या अंतरावर, गाडी फसणार नाही अशी मुरमाड जागा. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा हाताशी नसेल तर काठाच्या बाभळी बघा. गेल्या पुराचा पालापाचोळा, चिंध्या ज्या उंचीला अडकल्यात, त्याच्या खाली मुक्काम नाही. गावातली म्हातारी माणसे ही रेषा नकाशाशिवाय सांगतील.

दुसरी, धनी ओळखा. जागा जलसंपदा खात्याची असेल तर ग्रामपंचायतीला ती परस्पर देता येत नाही. खात्याच्या शाखा कार्यालयाला ठरावासह पत्र द्या. जागा ग्रामपंचायतीची असेल तर सार्वजनिक जागेच्या तात्पुरत्या वापरासाठी फी घेण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. पण दर ठरावाने ठरला पाहिजे आणि पावती फाडली पाहिजे. पावतीशिवाय काठावर उभे राहून पैसे मागणारी पोरे गावाचे नाव खराब करतात, आणि उद्या काही बरेवाईट झाले तर पहिली विचारणा त्यांनाच होते. माझे मत विचाराल तर मुक्काम फुकट ठेवा, सेवा विकत द्या. भाकरी-पिठले, सरपण, दूध, गाडी राखणे, वाटाड्या. पैसा सरळ घरात येतो आणि भांडण राहत नाही.

तिसरी, पाटी लावा. धरणातून पाणी सुटू शकते, पात्रात झोपू नये. ही गाळपेर जमीन पेरलेली आहे. मासेमारीसाठी संस्थेला विचारावे. पोलीस पाटलांचा आणि संस्थेचा फोन. मदतीसाठी ११२. एवढा मजकूर पुरे. त्या सकाळी त्या काठावर अशी पाटी असती, तर मका वाचला असता आणि गाडीही.

चौथी, निरोप ठेवा. विसर्गाचा इशारा तहसीलकडून गावापर्यंत येतो. तो दवंडीने, मंदिराच्या भोंग्यावरून, मोबाईलवरून गावभर जातो. त्या यादीत एक काम वाढवा. इशारा आला की कोतवालाने किंवा ज्याच्यावर ठरले त्याने काठावर एक फेरी मारायची, तंबू दिसला तर उठवायचा. यासाठी मुक्कामाला आलेल्याचे नाव, गाडीचा नंबर आणि फोन एका वहीत लिहून ठेवला तर रात्री शोधाशोध होत नाही.

पाचवी, हंगाम ठरवा. जून ते ऑक्टोबर पात्रात आणि काठाच्या सखल भागात मुक्काम बंद. माशाची वीणही वाचते आणि माणूसही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्यानंतर वळवाकडे लक्ष ठेवून.

ज्यांची खासगी जमीन पाण्याला लागून आहे त्यांनी एक पाऊल पुढे टाकायला हरकत नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून शेतावर पाहुण्यांची सोय करता येते. भिगवण-कुंभारगाव पट्ट्यात मासेमारी करणाऱ्या तरुणांनीच पक्षी दाखवायला होड्या फिरवल्या आणि हिवाळ्याचे चार महिने त्यांना जोडधंदा मिळाला. पाणी तेच, होडी तीच. मात्र जीवरक्षक जाकीट नसेल तर होडीत माणूस घेऊ नका. एका दुर्घटनेने दहा वर्षांचा धंदा बसतो.

शेवटी

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, काठ बंद करून टाका, तारेचे कुंपण घाला. पण काठ बंद करणे आपल्या हातात नाही आणि ते बरेही नव्हे. त्याच काठाने आपली गुरे पाण्यावर जातात, आपले भोई बांधव होड्या लावतात, आपल्या लेकीबाळी धुण्याला जातात. दुसऱ्यासाठी घातलेले कुंपण आधी आपल्यालाच आडवे येते. उलट काहीही न करणे म्हणजे एखाद्या रात्री कुणाचे तरी पोर वाहून जाण्याची वाट बघणे. त्या पोराला शोधायला अंधारात पाण्यात उतरणारी माणसे तुमच्याच गावची असतात, हेही विसरू नका.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. वर्षात चार ग्रामसभा तर ठरलेल्याच असतात. पुढच्या सभेत घरकुल, पाणीपट्टी, रस्ते यांच्यानंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. सरपंचांनी विषय पत्रिकेवर घ्यावा, ग्रामसेवकांनी ठराव लिहावा, मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना मुद्दाम बोलवावे, आणि गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वतः उठून बोलावे. मी माझ्या हद्दीतल्या गावांत बोलावले तर जरूर येईन. येताना पाटीचा मजकूर लिहून आणतो. रंग आणि पत्रा तेवढा तुम्ही बघा.